अर्धा तिसरा गुणिले वीस: डॅनिश 'हाल्वत्रेद्स'चा विग्रह कसा करावा

डॅनिश भाषेत ५० ला 'हाल्वत्रेद्स' म्हणतात. 'हाल्व' म्हणजे अर्धा आणि 'त्रेस' म्हणजे ६०, एवढं नुकतंच शिकलेला माणूस हमखास एक हिशेब मांडतो: अर्धे साठ, म्हणजे ३०. उत्तर चुकलं की तो दुसरा मांडतो: साठाला थोडे कमी असतील. तेही जमत नाही, कारण ७० ला 'हाल्वफ्येर्द्स' आणि ८० ला 'फिर्स' म्हणतात, आणि ऐंशीचा अर्धा कुठल्याच गणितात सत्तर होत नाही. शेवटी 'डॅनिश आकडे विचित्रच' असं म्हणून पाठांतराला बसायचं.

आकडे विचित्र नाहीत. विग्रह चुकीच्या जागी झालेला असतो. इंग्रजीतून डॅनिश शिकणाऱ्याला तो बरोबर करायला वेळ लागतो. मराठी माणसाकडे मात्र त्याची किल्ली आधीपासून आहे, फक्त ती 'औटघटकेचं राज्य' या वाक्प्रचारात पडून असते. ती कशी लावायची ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधी ठरवून घेऊ. इथे डॅनिश शब्द लिहिताना त्यांच्या स्पेलिंगमधली अक्षरं दाखवली आहेत, उच्चार नाही. डॅनिशमध्ये या दोहोंत बरंच अंतर असतं आणि व्युत्पत्ती शोधताना जुनं स्पेलिंगच कामाला येतं. उच्चाराबद्दल वेगळं लिहिलं आहे.

पायरी १: आखूड शब्दावर सुरी चालवू नका

बोलीत घासून आखूड झालेला शब्द तोडला की तुकडे खोटे पडतात. म्हणून आधी पूर्ण रूप मिळवायचं. आकड्यांच्या बाबतीत ते मिळवण्याचा हुकमी मार्ग म्हणजे क्रमवाचक रूप पाहणं. '५०' म्हणताना डॅनिश माणूस 'हाल्वत्रेद्स' एवढंच म्हणतो, पण 'पन्नासावा' म्हणायची वेळ आली की आजही त्याला पूर्ण शब्द उच्चारावा लागतो: 'हाल्वत्रेद्सिन्द्स्त्यूवेन्दे'. शेवटचा 'न्दे' हा आपल्या 'वा'सारखा क्रमवाचक प्रत्यय. तो काढला की उरतं 'हाल्वत्रेद्सिन्द्स्त्यूवे'. हेच पन्नासाचं मूळ, न कापलेलं रूप.

यावरून पहिली चूक कळते. 'हाल्वत्रेद्स'मध्ये 'त्रेस' म्हणजे साठ नाहीच. 'त्रेस' हेसुद्धा 'त्रेसिन्द्स्त्यूवे'चं कापलेलं रूप आहे. दोन्ही शब्दांची शेपटी एकाच जागी तुटली, म्हणून ते मायलेकरांसारखे दिसतात. खरं तर ती भावंडं आहेत.

शब्दकोशात खात्री करायची असेल तर 'डेन डान्स्के ओर्डबोग' हा आजच्या भाषेचा कोश आणि 'ओर्डबोग ओवर दे डान्स्के स्प्रोग' हा २८ खंडांचा जुना कोश, हे दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. दुसरा कोश साधारण १७०० ते १९५० या काळातल्या भाषेचा आहे आणि त्यात शोधताना एक अडचण येते. १९४८ च्या शुद्धलेखन सुधारणेआधी नामं मोठ्या अक्षराने सुरू होत, आणि आज ज्या अक्षरावर वर्तुळ काढतात त्या स्वराऐवजी दोन 'ए' (रोमन aa) लिहीत. जुन्या कोशाचं लेखन हेच आहे. तेव्हा आजचं वर्तुळवालं स्पेलिंग घालून शब्द सापडला नाही, तर तो नाहीच असं धरून चालू नका; दोन 'ए' घालून पुन्हा शोधा.

पायरी २: उजवीकडून तोडा

डॅनिश समासात मुख्य पद शेवटी असतं, आपल्या तत्पुरुषासारखं. 'राजवाडा' हा वाडाच असतो, राजा नव्हे, तसंच. म्हणून सुरुवात शेवटापासून.

शेवटी 'त्यूवे'. म्हणजे २०. कोशात शोधताना याच स्पेलिंगवर 'चोर' या शब्दाचं अनेकवचनही सापडेल. त्याचा इथे काही संबंध नाही, पण नवख्याची गाडी तिथे घसरू शकते.

मध्ये 'सिन्द्स'. हा तुकडा आज सुटा वापरत नाहीत, म्हणून बहुतेकांना तो ओळखूच येत नाही. मूळ शब्द 'सिन्दे', अर्थ 'वेळा, खेप'. आजच्या भाषेत तो दोन ठिकाणी तग धरून आहे: 'नोगेन्सिन्दे' म्हणजे कधीतरी, कुठल्याही वेळी, आणि 'इंगेन्सिन्दे' म्हणजे कधीच नाही. एखादा तुकडा मेलेला वाटला की तो दुसऱ्या कुठल्या जोडशब्दात जिवंत आहे का ते पाहायचं. तसा सापडला की तुमच्या विग्रहाला साक्षीदार मिळतो. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, हाच शब्द 'सिन्न' होता, अर्थ तोच.

'सिन्दे' म्हणजे गुणाकाराची खूण. आपण पाढ्यात 'बे त्रिक सहा' म्हणतो तिथल्या 'त्रिक'च्या आतलं काम हा तुकडा करतो. 'त्रेसिन्द्स्त्यूवे' म्हणजे 'तीन वेळा वीस', ६०. 'फिर्सिन्द्स्त्यूवे' म्हणजे 'चार वेळा वीस', ८०. खेड्यातली जुनी माणसं 'तीन विसा', 'चार विसा' म्हणत, तेच हे.

आता डावीकडे राहिला 'हाल्वत्रेद'. इथे 'त्रे' म्हणजे तीन असं वाचायचा मोह होतो. पण मग मधला 'द' कुठून आला? हा 'द' म्हणजे सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली. तो 'त्रेद्ये' या शब्दाचा अवशेष आहे, आणि 'त्रेद्ये' म्हणजे तीन नव्हे, तिसरा. 'हाल्वत्रेद्ये' म्हणजे 'अर्धा तिसरा'.

पायरी ३: 'अर्धा तिसरा' म्हणजे किती?

इथेच मराठीची किल्ली लागते.

'अर्धा तिसरा' म्हणजे पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण, आणि तिसरा अर्धाच. म्हणजे अडीच. 'अडीच' या शब्दाचा उगम काय? संस्कृत 'अर्धतृतीय', त्याचं प्राकृत 'अड्ढाइज्ज', त्यावरून आपला 'अडीच'. अर्ध अधिक तृतीय. डॅनिश 'हाल्व' अधिक 'त्रेद्ये' हेच आहे, पदाला पद. इतकंच नव्हे, 'त्रेद्ये' आणि 'तृतीय' हे एकाच मूळ शब्दाचे दूरचे वंशज आहेत.

'औट' म्हणजे साडेतीन. 'औटघटकेचं' म्हणजे साडेतीन घटकांचं, जेमतेम ८४ मिनिटांचं. संतवाङ्मयात देहाला 'औट हात' म्हटलेलं सापडतं, तेही साडेतीन हात म्हणूनच. पावकी, निमकी, पाऊणकीच्या रांगेत पूर्वी शाळेत औटकी म्हणून घेत. हा 'औट' आला 'अर्धचतुर्थ'वरून: तीन पूर्ण, चौथा अर्धा. डॅनिशमध्ये 'हाल्वफ्येर्दे', म्हणजे अर्धा चौथा. 'दीड'मध्येही दुसरा आणि अर्धा हेच दोन घटक आहेत, आणि त्याचा डॅनिश जोडीदार 'हाल्वआन्देन', म्हणजे 'अर्धा दुसरा', आजही रोजच्या बोलण्यात आहे. दीड वर्ष, दीड तास हे सगळं तिथे 'अर्धा दुसरा' असंच मोजतात. २½ आणि ३½ साठीचे सुटे शब्द मात्र डॅनिशमध्ये जवळपास मेले. आपल्याकडे 'अडीच' ठणठणीत आहे आणि 'औट' वाक्प्रचारापुरता उरला, एवढाच फरक.

एक बारकावा इथे नीट समजून घ्या, नाहीतर पुढे घोळ होतो. मराठीत अर्धं सांगायच्या दोन वेगळ्या रीती आहेत. 'साडेतीन'मधला 'साडे' हा 'सार्ध'वरून आला, म्हणजे 'अर्ध्यासह'. तीन, आणि वर अर्धा. 'औट'मध्ये उलटं: चारकडे जाताना चौथा अर्ध्यावर अडला. डॅनिश 'हाल्व' नेहमी औटाच्या रीतीने चालतो, साड्याच्या नाही. म्हणून 'हाल्व'पुढे दिसणाऱ्या आकड्यातून अर्धा वजा करायचा, त्यात मिळवायचा नाही.

हाच नियम घड्याळालाही लागतो. डॅनिश माणूस 'हाल्व त्रे' म्हणाला तर ते साडेतीन नव्हे, अडीच वाजता. भेटीची वेळ ठरवताना चूक झाली तर तासभर उशिराने पोचाल. घड्याळात साधा 'त्रे' (तीन) येतो, आकड्यात क्रमवाचक 'त्रेद्ये' (तिसरा), हिशेब एकच.

पायरी ४: गणित मांडा आणि भावंडांवर पडताळा

विग्रह एका शब्दावर जुळला म्हणून खरा ठरत नाही. त्याच साच्यातल्या सगळ्या शब्दांवर तो चालला पाहिजे.

५०, हाल्वत्रेद्स: अर्धा तिसरा गुणिले वीस. अडीच विसा पन्नास.
६०, त्रेस: तीन विसा साठ.
७०, हाल्वफ्येर्द्स: अर्धा चौथा गुणिले वीस. औट विसा सत्तर.
८०, फिर्स: चार विसा ऐंशी.
९०, हाल्वफेम्स: अर्धा पाचवा गुणिले वीस. साडेचार विसा नव्वद.

पाचही जुळले. नव्वदाच्या शब्दात मात्र एक खाच आहे. 'पाचवा' म्हणजे 'फेम्ते'. तेव्हा 'हाल्वफेम्तसिन्द्स्त्यूवे' असं काहीतरी असायला हवं होतं, पण 'त' झिजून गेला आणि क्रमवाचकाची खूणच पुसली गेली. ५० आणि ७० मध्ये ती 'द'च्या रूपाने शिल्लक राहिली. म्हणून ही व्युत्पत्ती शिकवायला नव्वदापासून सुरुवात करू नये. शिकणारा 'अर्धा पाच' असं वाचतो आणि अडीचवर येऊन थांबतो.

आता याच पडताळ्याची दुसरी बाजू: नियम कुठे लागू नाही? ३० ला 'त्रेदिवे' आणि ४० ला 'फ्यर्रे' म्हणतात, आणि त्यांत विसाचा पत्ता नाही. 'त्रेदिवे' हा जुन्या 'तीन दहा'वरून आला. 'फ्यर्रे'चं लांब रूप 'फ्यर्रेत्यूवे', आणि ते पाहून नुकतंच शहाणं झालेलं डोकं म्हणतं: चार गुणिले वीस, ऐंशी! इथे 'त्यूवे'चा अर्थ वीस नाही. तो 'दहा'च्या जुन्या अनेकवचनाचा घासलेला तुकडा आहे: 'चार दहा'. विसाच्या 'त्यूवे'चा उगमही 'दोन दहा' असाच, म्हणून दोघे शेवटी सारखे दिसू लागले. ओळखायची खूण सोपी: मध्ये 'सिन्द्स' असेल तर वीस, नसेल तर दहा. (आणि 'फ्यर्रे त्यूवे' असं सुटं लिहिलं, तर अर्थ होतो चाळीस चोर. अलीबाबाला हे आवडलं असतं.)

म्हणजे डॅनिश आकड्यांत दोन थर आहेत. ४० पर्यंत दशमान, ५० ते ९० विसाचं, आणि १०० ला पुन्हा साधा 'हुन्द्रेदे'. शेजारच्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन भाषा पन्नासालाही 'पाच दहा' याच रीतीने म्हणत राहिल्या, आणि जुन्या डॅनिशमध्येही तशी रूपं होती. विसाची मोजणी ही नंतर वर बसलेली. ती मुळात आली ती बाजारातून असावी असं वाटायला जागा आहे, कारण डॅनिशमध्ये २० नगांना 'स्नेस' असा स्वतंत्र शब्द आहे, आपल्या 'कोडी'सारखा, आणि अशा चार स्नेसांना, म्हणजे ८० हेरिंग माशांना, 'ओल' म्हणत. फ्रेंच भाषाही ८० ला 'चार वीस' म्हणते. पण अर्ध्याची औटवाली रीत आणि विसाची मोजणी या दोन्ही एकाच शब्दात गुंफल्यामुळे डॅनिश पन्नास इतका अवघड होऊन बसला.

पायरी ५: शेवटच्या 'स'ची शहानिशा

डॅनिश जोडशब्दांत दोन पदांच्या मध्ये 'स' येणं नेहमीचं आहे. त्यामुळे 'त्रेस'मधला 'स' तसलाच जोड असेल असं वाटतं. तो जोड नाही. तो 'सिन्द्स्त्यूवे' या पूर्ण शेपटीचा उरलेला टोकाचा तुकडा आहे: गुणाकार आणि वीस, दोन्ही त्या एका अक्षरात दडले आहेत.

खरा जोड-'स' कसा असतो ते पाहायला 'लान्दमान्द' आणि 'लान्द्समान्द' ही जोडी घ्या. दोन्हींत 'लान्द' (जमीन, देश) आणि 'मान्द' (माणूस). 'स' नसलेला म्हणजे शेतकरी, 'स' असलेला म्हणजे देशबांधव. एका अक्षराने माणूस शेतातून उठून परदेशातल्या गाववाल्यांच्या मंडळात जाऊन बसतो. म्हणून विग्रह करताना मधलं अक्षर 'उगाच आलेलं' म्हणून फेकायचं नाही.

पायरी ६: उच्चार, स्पेलिंग आणि वापर

'हाल्व'मधला 'व' उच्चारत नाहीत, 'त्रेद्स'मधला 'द' ही नाही, आणि घशातल्या 'र'नंतरचा 'ए' 'अ'कडे झुकतो. त्यामुळे साठ ऐकू येतो साधारण 'त्रस' असा, आणि पन्नास 'हाल्-त्रस'. मराठी कानाला यात हाल आणि त्रास दोन्ही ऐकू आले तर तो कानाचा दोष नाही. लक्षात ठेवायला बरंच पडतं.

आघात कुठे पडतो तेही पाहा. डॅनिश समासात जोर सहसा पहिल्या पदावर असतो. या आकड्यांत तो 'हाल्व'नंतरच्या भागावर पडतो. पहिल्या भागावर जोर दिलात तर समोरचा माणूस क्षणभर घोटाळतो.

स्पेलिंगमध्ये नेहमी होणारी चूक म्हणजे ५० मधला 'द' गाळणं किंवा ६० मध्ये तो घुसवणं. कानाला दोन्ही सारखेच. पण व्युत्पत्ती कळली की चूक होत नाही: ५० मध्ये 'तिसरा' आहे म्हणून 'द' हवा, ६० मध्ये 'तीन' आहे म्हणून नको. सत्तरातही 'चौथा' आहे, म्हणून 'द' हवा. दशकांची नावंही यांवरूनच होतात. पन्नासचं दशक 'हाल्वत्रेद्सेर्ने', साठचं 'त्रेस्सेर्ने', आणि त्यात 'स' दुहेरी लिहितात.

२१ पासून ९९ पर्यंत एकक आधी येतो, मध्ये 'ओग' (आणि), मग दशक, आणि सगळं सलग एका शब्दात. ५५ म्हणजे 'फेमओगहाल्वत्रेद्स': पाच आणि पन्नास. आपला 'पंचावन्न' याच क्रमाने चालतो, म्हणून इथे मराठी माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही. ५९ ला मात्र सावध राहा. आपण 'एकोणसाठ' म्हणून साठातून एक वजा करतो. डॅनिशमध्ये तसं नाही, तिथे सरळ 'नऊ आणि पन्नास'.

खरी परीक्षा फोन नंबर लिहून घेताना होते. तिथले नंबर आठ आकडी, आणि ते बहुधा दोन-दोनच्या जोड्या करून सांगतात. '७५' ऐकताना आधी 'पाच' येतो, मग 'हाल्-फ्ये...', आणि त्या घाईत ७० आणि ९० यांची गल्लत होते, कारण दोन्ही 'हाल्-फ'ने सुरू होतात. उपाय असा: 'हाल्' ऐकल्या ऐकल्या काहीही लिहू नका. पुढचा ध्वनी 'त्र' असेल तर ५, 'फ्ये' असेल तर ७, 'फेम्' असेल तर ९. दशक लिहायची जागा मोकळी सोडून एकक आधी उजवीकडे लिहा, दशक मागाहून डावीकडे भरा.

हीच रीत दुसऱ्या शब्दांवर

आकडे सोडून इतर जोडशब्दांना ही रीत लावताना एक जादा हत्यार मिळतं: लिंग. डॅनिशमध्ये लिंगं दोनच, 'एन' लागणारं आणि 'एत' लागणारं. समासाचं लिंग शेवटचं पद ठरवतं. म्हणून शेवटचं पद कोणतं याची शंका आली की लिंग जुळवून पाहायचं.

'विन्दुए' म्हणजे खिडकी, हा शब्द घ्या. 'विन्द' म्हणजे वारा, हे उघड आहे. उरलेला 'दुए' कोशात शोधला तर कबूतर निघतं. वाऱ्याचं कबूतर! कवितेला छान, पण खोटं. 'दुए' (कबूतर) 'एन' घेतं आणि 'विन्दुए' 'एत' घेतं, तेव्हा कबूतर हे मुख्य पद असूच शकत नाही. जुन्या नॉर्समधलं रूप 'विन्दआउगा': 'विन्द' अधिक 'आउगा', म्हणजे डोळा. 'द' पहिल्याच पदाचा, आपण तो चुकून दुसऱ्याला दिला होता. आजचा डॅनिश डोळा 'ओये', आणि तो 'एत'च घेतो. लिंग जुळलं. वाऱ्याचा डोळा म्हणजे खिडकी. इंग्रजांनी खिडकीचा आपला शब्द नॉर्सकडून घेतला तो हाच, आणि आपला 'गवाक्ष' म्हणजे 'गो' अधिक 'अक्ष', गाईचा डोळा.

लिंग जुळलं म्हणून मात्र लगेच निकाल देऊ नका. 'स्किल्दपाद्दे' म्हणजे कासव. 'स्किल्द' ढाल, 'पाद्दे' बेडकाच्या जातीचा प्राणी, आणि 'पाद्दे'चं लिंग पूर्ण शब्दाच्या लिंगाशी जुळतं. ढालवाला बेडूक, विग्रह बरोबर. पण ही जुळणी डॅनिश माणसाने केलेली नाही. हा शब्द मध्ययुगीन लो जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या भाषेतून, तयारच आला. तेव्हा विग्रह झाल्यावर एक प्रश्न राहतोच: हा समास कुठे बांधला गेला? उत्तरेकडच्या भाषांत जुनं रूप सापडत असेल तर घरचा, फक्त जर्मन बाजूलाच सापडत असेल तर आणलेला.